रिकामी टाकी: खाडीकाठच्या पेट्रोल पंपावर भूमिगत टाक्या बसवतानाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आहे. मुंबई-गोवा महामार्गाला येऊन मिळणाऱ्या एका रस्त्यालगत नवीन पेट्रोल पंप उभा राहत होता. जागा खाडीपासून साधारण तीनशे मीटरवर होती. पूर्वी तिथे भातखाचर होते आणि दोन वर्षांपूर्वी मुरमाचा भराव टाकून ते रस्त्याच्या पातळीला आणले होते. पंपाचे मालक स्थानिक होते, टाक्या बसवण्याचे काम एका अनुभवी ठेकेदाराकडे होते आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने कामावर देखरेख ठेवण्याची जबाबदारी माझ्याकडे होती. गाव आणि माणसे ओळखू येतील असा तपशील मी वगळला आहे. काम, तारखा आणि मोजमापे मात्र माझ्या नोंदवहीप्रमाणेच दिली आहेत.

पंपाला दोन टाक्या लागणार होत्या, एक पेट्रोलची आणि एक डिझेलची. प्रत्येकीची क्षमता २० हजार लिटर, व्यास २ मीटर आणि लांबी ६.४ मीटर होती. पत्रा ८ मिलिमीटर जाडीचा होता. पेट्रोलियम नियम, २००२ नुसार लागणारी नकाशाची पूर्वमंजुरी हातात होती. ही परवानगी देणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे, म्हणजे पेसोचे, मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. टाक्यांची रचना, चाचणी आणि बसवणी यांसाठी आयएस १०९८७ हे भारतीय मानक आधाराला होते. कागदावर काहीही कमी नव्हते, हे सुरुवातीलाच सांगितले पाहिजे, कारण पुढे जे घडले ते कागदपत्रांतील उणिवेमुळे घडले नाही.

जागा आणि पाणी

मार्च महिन्यात चाचणीसाठी खड्डा घेतला तेव्हा अडीच मीटरपर्यंत पाणी लागले नाही. त्या नोंदीवर विसंबून खोदकाम, पाणी उपसण्याचे पंप आणि दिवसांचा हिशेब ठरला. प्रत्यक्ष खोदकाम मंजुरी आणि पैसे यांच्या अडचणींमुळे ८ मे २०२५ रोजी सुरू झाले. टाकीवर एक मीटर भराव, दोन मीटर टाकी, खाली वाळूचा ३० सेंटीमीटर थर आणि त्याखाली ४५ सेंटीमीटर जाडीचे काँक्रीटचे राफ्ट, म्हणजे तळाची सलग लादी, अशी मिळून पावणेचार मीटर खोली लागणार होती. दोन मीटरवर मुरूम संपला आणि खाली खाचरातली काळसर, चिकट माती लागली. तीन मीटरच्या आसपास बाजूंनी पाणी झिरपू लागले. ते दिवसभर सारखे येत नसे. भरतीनंतर तासाभराने त्याचा जोर वाढे आणि ओहोटीनंतर तितक्याच उशिराने तो ओसरे. पाणी चवीला खारट होते.

खड्ड्यापासून चाळीस पावलांवर एका घराची विहीर आहे. खोदकामाच्या चौथ्या दिवशी त्या घरातल्या काकी काठावर येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी खड्ड्यात डोकावून पाहिले आणि सहज म्हणाल्या, “पावसात बावीतला पाणी हातान काढूक येता. रशी लागणा नाय.” म्हणजे पावसाळ्यात तिथले भूजल जमिनीपासून हातभर अंतरावर येते. मार्चमध्ये चाचणीचा खड्डा घेताना आमच्यापैकी कोणीही त्या विहिरीपाशी गेले नव्हते. मीही गेलो नव्हतो.

आकडेमोड काय सांगत होती

पुढचे सगळे निर्णय ज्यावर अवलंबून होते ती गोष्ट साधी आहे, म्हणून ती आकड्यांत मांडतो. या मापाची टाकी पूर्ण बुडाली तर ती सुमारे २० घनमीटर पाणी बाजूला सारते, म्हणजे तिच्यावर २० टनांचे प्लावक बल वरच्या दिशेने लागते. सगळ्या जोडण्यांसह रिकाम्या टाकीचे वजन सव्वातीन टनांच्या आत असते. उरलेले जवळजवळ १७ टन टाकीला जमिनीबाहेर ढकलत असतात. टाकी तरंगू लागण्यासाठी ती पूर्ण बुडावी लागत नाही. हिशेब केला तर तिच्या तळापासून फक्त ४४ सेंटीमीटर पाणी चढले की ती जागा सोडते. गुडघ्याच्या वर पाणी नाही, आणि सव्वातीन टन लोखंड तरंगते.

टाकीत एकदा इंधन भरले की धोका संपला, असा समज कामावरच्या बहुतेकांचा असतो. तोही तपासून पाहावा. पेट्रोलची घनता पाण्याच्या पाऊणपटीच्या आसपास असते. २० हजार लिटर पेट्रोलचे वजन साधारण १५ टन भरते. त्यात टाकीचे वजन मिळवले तरी बेरीज १८ टनांच्या पुढेमागे राहते आणि ती २० टनांपेक्षा कमीच आहे. पेट्रोलने काठोकाठ भरलेली टाकीसुद्धा नुसत्या स्वतःच्या वजनावर पाण्याखाली टिकत नाही.

टाकीला खाली धरतात ते वरचा भराव आणि पट्ट्यांनी जखडलेले राफ्ट. पाण्याने भिजलेल्या वाळूचे पाण्यातले वजन घनमीटरला सुमारे ९०० किलो धरले तर एका टाकीवरचा मीटरभर भराव साधारण १४ टनांचा होतो. १७ टनांच्या उचलीपुढे तो अपुरा आहे, म्हणून राफ्ट लागतेच. आमचे राफ्ट ८ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद होते आणि पाण्यातले त्याचे वजन ३० टन होते. दोन्ही टाक्यांवरचा भराव आणि राफ्ट मिळून ५८ टन होतात आणि रिकाम्या टाक्यांची उचल ३४ टन. नकाशा योग्य होता.

तो नकाशा पूर्ण झालेल्या कामाचा होता. भराव पडण्याआधीच्या दिवसांत टाक्यांना धरणारे फक्त राफ्टचे ३० टन असतात आणि समोर उचल ३४ टनांची असते. या मधल्या दिवसांचा हिशेब कोणत्याही कागदावर नव्हता. टाकी खाली उतरताच तिच्यात पाणी भरून तिला जड करायचे, असे ठेकेदाराने आणि मी तोंडी ठरवले होते. लिहिले नव्हते.

२२ मे: टाकी उतरवण्याचा निर्णय

राफ्टचे काँक्रीट १५ मे रोजी पडले. २० तारखेला दोन्ही टाक्या ट्रेलरवरून आल्या. त्याच दिवशी पाऊस सुरू झाला, वळवाचा म्हणावा तर फारच लांबलेला. अरबी समुद्रात कोकण किनाऱ्याजवळ कमी दाबाचे क्षेत्र तयार होत असल्याचे इशारे हवामान खात्याने दिले होते. २२ मेच्या सकाळी उघडीप मिळाली आणि प्रश्न समोर उभा राहिला.

एक पर्याय टाक्या जमिनीवरच ठेवून थांबण्याचा होता. दुसरा पर्याय दोन्ही टाक्या त्याच दिवशी उतरवून, जखडून, पाण्याने भरून घेण्याचा होता. तिसरा पर्याय एक टाकी उतरवून दुसरी पुढच्या उघडिपीवर सोडण्याचा. थांबण्याच्या विरोधात मालकांचा कर्जाचा हप्ता होता, हायड्रा क्रेनचे दिवसाचे भाडे होते आणि सगळ्यांच्या मनातले पंचांग होते. रोहिणी नक्षत्र २५ मेला लागते, मृग ७ जूनला, आणि खरा पाऊस मृगाचा, हा हिशेब आम्ही सगळे लहानपणापासून करत आलो आहोत. उघड्या खड्ड्याच्या भिंती पावसात ढासळतील आणि राफ्टवर गाळ बसेल ही भीतीही खरी होती. ठेकेदाराचे म्हणणे निव्वळ घाईचे नव्हते, हे मला नोंदवायचे आहे.

निर्णय तिसऱ्या पर्यायाचा झाला. पट्टे ताणून धरणारे आठ टर्नबकल लागणार होते आणि कामावर चारच पोहोचले होते. एका टाकीला चार लागतात. म्हणजे एक टाकी पूर्ण जखडता येईल, या हिशेबावर मी संमती दिली.

टाकी सकाळी साडेअकराला सुरळीत उतरली. लटकत्या टाकीखाली कोणी थांबले नाही, दोन्ही टोकांना दोर बांधून ती वळवली आणि वाळूच्या थरावर अलगद टेकवली. पट्टे चढवताना चारपैकी दोन टर्नबकलचे आटे राफ्टमधल्या हुकांच्या मापाला बसत नाहीत असे लक्षात आले. रस्त्याकडच्या टोकाचे दोन पट्टे आवळले गेले आणि खाडीकडचे दोन नुसते अंगावरून टाकलेले राहिले. बदली भाग शनिवारपर्यंत येणार होते.

मग पाण्याचा प्रश्न आला. दहा-दहा हजार लिटरचे दोन टँकर मागवले होते. पहिलाच टँकर भिजलेल्या भरावावर चढताना मागच्या चाकांपर्यंत रुतला आणि दुपार त्याला काढण्यात गेली. खड्ड्यातले उपसलेले पाणीच टाकीत सोडावे, असे मुकादमाने सुचवले. ते पाणी खारट होते आणि कोऱ्या पत्र्याच्या टाकीत ते महिनाभर साठवणे मला पटले नाही. मी नाही म्हटले. भराव सुकला की गोडे पाणी आणू, तोवर दोन्ही उपसा पंप चालू ठेवू, असे ठरले.

हा या प्रकरणातला सर्वांत चुकीचा निर्णय होता आणि तो माझा होता. खाऱ्या पाण्याने पत्र्याचे होणारे नुकसान आठवड्याभरात धुऊन, पुसून आटोक्यात आणता आले असते. टाकीच्या सुरक्षिततेचा सगळा भार मी विजेवर चालणाऱ्या एका पंपावर आणि डिझेलवर चालणाऱ्या दुसऱ्या पंपावर टाकला. शिवाय टँकर डांबरी रस्त्यावरच उभा करून तिथून साठ मीटरचा पाइप टाकीपर्यंत ओढता आला असता. त्या दुपारी टँकर चिखलातून काढण्यात आम्ही सगळे इतके गुंतलो होतो की हे कोणाच्याही डोक्यात आले नाही.

२४ मेची रात्र

२४ मे रोजी ते कमी दाबाचे क्षेत्र तीव्र होऊन रत्नागिरी आणि दापोलीच्या दरम्यान किनारा ओलांडून गेले. संध्याकाळपासून आमच्याकडे पावसाने क्षणाची उसंत घेतली नाही. अमावास्या तीन दिवसांवर होती, त्यामुळे भरतीही उधाणाकडे झुकलेली होती. रात्री दहाच्या सुमारास वीज गेली. डिझेलचा पंप चालू होता, पण थोड्या वेळाने त्याच्या सक्शनमध्ये, म्हणजे पाणी ओढून घेणाऱ्या पाइपच्या तोंडात, भिंतीवरून ढासळलेला मुरूम अडकला आणि तो नुसताच फिरत राहिला. पावणेबाराला राखणदाराचा फोन आला. खड्ड्यातून मोठ्या घंटेवर टोला पडावा तसा आवाज आला आणि टाकीचे एक टोक वर आले आहे, असे तो सांगत होता.

मी एक वाजता पोहोचलो. विजेरीच्या उजेडात दिसले ते असे. खाडीकडचे टोक सुमारे २० सेंटीमीटर उचललेले, रस्त्याकडचे दोन्ही पट्टे ताठ ताणलेले, आणि टाकीच्या तळापासून साधारण १.४ मीटर पाणी. या पातळीला टाकीवरची निव्वळ उचल १२ टनांच्या जवळ जाते. तो सगळा भार दोन पट्ट्यांवर होता. लाटेसारखे पाणी हलले की पट्ट्याच्या कडेखालून रबराचा तुकडा थोडा बाहेर सरके आणि परत आत जाई.

मुकादम आणि दोन कामगार कमरेला दोर बांधून खाली उतरण्याच्या तयारीत होते. सक्शन मोकळे करणे आणि जमल्यास तिसरा पट्टा आवळणे असा त्यांचा विचार होता. माणसे धाडसी होती आणि काम वाचवण्याची त्यांची तळमळ खरी होती. मी त्यांना थांबवले. पट्टा तुटला असता तर टाकी आडवी फिरली असती आणि खड्ड्याची भिंत व टाकी यांच्यामधल्या मीटरभर जागेत उभ्या असलेल्या माणसाला निसटायला वाट नव्हती. भिंतीचा मुरूम डोळ्यांसमोर सुटत होता. दीड मीटरहून खोल खड्ड्यात आधार दिल्याशिवाय किंवा पुरेसा उतार काढल्याशिवाय माणूस उतरवायचा नाही हा नियम कोरड्या दिवसांसाठीही आहे.

उरलेल्या मार्गांपैकी एक पोकलेनच्या बकेटने टाकी खाली दाबण्याचा होता. त्याने पत्रा चेपला असता आणि पोकलेनच्या वजनाने काठ कोसळला असता. दुसरा मार्ग त्याच क्षणी टाकीत पाणी सोडण्याचा होता. तो वरवर योग्य वाटतो, पण टाकी तिरकी झालेली असताना आतले पाणी खालच्या टोकाकडे धावते, वरचे टोक हलके ते हलकेच राहते आणि तिरकेपणा वाढतो. म्हणून आम्ही काठावरूनच काम करायचे ठरवले. सक्शनचा पाइप हायड्राच्या आकड्याने वर ओढून घेतला, त्याच्या तोंडावर जाळीची टोपली बांधली आणि तो खड्ड्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात सोडला. मग पहाटेच्या ओहोटीची वाट पाहिली.

साडेतीनपासून पाणी उतरू लागले. सहा वाजता टाकी टेकली, पण जागेवर टेकली नाही. उचललेल्या टोकाखाली वाळू आणि गाळ वाहून आला होता, त्यामुळे ते टोक सहा सेंटीमीटर उंच राहिले. कोणालाही खरचटलेसुद्धा नव्हते. त्याच दिवशी, २५ मे रोजी, मोसमी पाऊस देवगडपर्यंत पोहोचल्याचे हवामान खात्याने जाहीर केले. दुसऱ्या दिवशी तो मुंबईत होता, जिथे त्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे.

त्यानंतरचे पर्याय

आता तीन मार्ग होते. टाकी आहे तशी पाण्याने भरून, जखडून, पावसाळाभर खड्ड्यात ठेवायची. किंवा मिळेल त्या उघडिपीत ती बाहेर काढून तळ पुन्हा सारखा करून दोन्ही टाक्या लगेच बसवायच्या. किंवा ती बाहेर काढून काम पावसाळ्यानंतरवर न्यायचे.

पहिला मार्ग सर्वांत स्वस्त होता. त्यात असमान तळावर टेकलेली टाकी वर्षानुवर्षे तशीच राहिली असती. पट्ट्यांच्या कडांनी पत्र्यावरचे गंजरोधक आवरण कुठे सोलले आहे हे कोणाला कळले नसते, आणि खाऱ्या ओलाव्यात आवरण सुटलेला पत्रा नेमका तिथेच आतवर गंजत जातो. गळती होते ती अशाच एखाद्या नाण्याएवढ्या जागेतून, आणि चाळीस पावलांवर पिण्याच्या पाण्याची विहीर होती. मालकांना मी हेच सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी टाकी बाहेर काढायला सांगितले. हप्त्याची झळ त्यांना सोसायची होती, मला नाही. या निर्णयाचे श्रेय त्यांचे आहे.

२९ मे रोजी काही तासांची उघडीप मिळाली आणि टाकी वर काढली. उघडा खड्डा पावसाळाभर ठेवणे मात्र शक्य नव्हते. रस्त्याकडेला पावणेचार मीटर खोल पाण्याचे डबके म्हणजे शाळेच्या वाटेवरच्या मुलांचा जीव धोक्यात घालणे होते. टाक्यांभोवती भरण्यासाठी आणलेली स्वच्छ वाळू आम्ही खड्ड्यातच भरली, वरून पत्र्याचे कुंपण केले आणि दोन्ही टाक्या सर्व झाकणे बोल्टने आवळून लाकडी पाळण्यांवर ठेवल्या.

पावसाळ्यानंतर म्हणजे ऑक्टोबर, असे सुरुवातीला गृहीत धरले होते. या वेळी मी काकींच्या विहिरीत दर पंधरवड्याला टेप सोडत होतो. जुलैत पाणी जमिनीपासून ४० सेंटीमीटरवर होते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ते १.१ मीटरवर होते, म्हणजे मे महिन्याच्या मानाने फारच वर. पाऊस थांबल्याबरोबर भूजल उतरत नाही. म्हणून जानेवारीच्या उत्तरार्धापर्यंत थांबायचे ठरले, तेव्हा पातळी १.९ मीटरवर गेली होती.

जानेवारी: टाकीतली हवा

पुन्हा उतरवण्याआधी दोन्ही टाक्यांची आतून तपासणी करायची होती. कारखान्यातल्या पाण्याच्या चाचणीनंतर तळाशी राहिलेले थोडे पाणी पुसून काढायचे होते. मॅनहोलचे झाकण उघडले आणि एक तरुण कामगार फडके व बादली घेऊन शिडीवर चढला. टाकी कोरी होती, तिने पेट्रोल पाहिलेले नव्हते, आत वास नव्हता, काळोखाशिवाय भीती वाटावी असे काही नव्हते. शिडीवरूनच त्याने एक पाय आत टाकलेला होता.

मी त्याला खाली उतरवले आणि वायुमापक दोरीने आत सोडला. प्राणवायूचे प्रमाण १४.६ टक्के होते. बाहेरच्या हवेत ते २०.९ टक्के असते आणि १९.५ टक्क्यांखाली माणूस आत पाठवत नाहीत. आठ महिने बंद असलेल्या ओलसर टाकीत पत्रा गंजत होता आणि गंजताना तो आतला प्राणवायू घेत होता. तपकिरी थर आतून सगळीकडे दिसत होता. अशा हवेला वास नसतो, घुसमटही जाणवत नाही. माणसाचे भान हळूहळू कमी होते आणि शिडी चढण्याइतके बळ राहत नाही. त्याला काढायला दुसरा धावतो आणि तोही तिथेच पडतो.

सव्वीस वर्षांच्या त्या मुलाने विचारले, “पण साहेब, आत तर काहीच नव्हतं ना?” उत्तर म्हणून मी मापकाचा पडदा त्याच्यासमोर धरला.

ब्लोअरचा पाइप तळापर्यंत सोडून दोन तास हवा खेळवली. वर, मध्ये आणि तळाशी अशी तीन ठिकाणी मोजणी केली. २०.८ टक्के आले तेव्हा लेखी परवाना भरला, अंगात हार्नेस, बाहेर सतत लक्ष ठेवणारा एक माणूस आणि आत चालू ब्लोअर, अशा व्यवस्थेत काम पंचवीस मिनिटांत झाले.

दुसऱ्यांदा बसवणी

आवरणाची विजेच्या दाबाने चाचणी केली तेव्हा पहिल्या टाकीवर सात ठिकाणी ठिणगी पडली, म्हणजे तिथे आवरण सुटले होते. त्यांपैकी पाच पट्ट्यांच्या कडांखाली होत्या. त्या जागा घासून, नवे आवरण चढवून पुन्हा तपासल्या. सगळे टर्नबकल आदल्या दिवशी हुकांना लावून पाहिले. खड्ड्याच्या भिंतींना या वेळी उतार दिला आणि उकरलेली माती काठापासून दूर टाकली. गोड्या पाण्याचे दोन टँकर डांबरी रस्त्यावर उभे होते आणि साठ मीटरचा पाइप आधीच अंथरलेला होता.

टाकी टेकल्यापासून चारही पट्टे आवळून पाणी भरायला सुरुवात होईपर्यंत एक तास दहा मिनिटे लागली. दुसऱ्या टाकीलाही जवळपास तेवढाच वेळ लागला. नंतर दोन्ही बाजूंनी सारखी, वीस-वीस सेंटीमीटरच्या थरांत वाळू भरली आणि टाकीच्या पोटाखालचा कोपरा हाताने ठासून घेतला. मुरूम जवळ येऊ दिला नाही, कारण त्यातला एक टोकदार दगड आवरणाला पुरेसा असतो. खड्ड्याच्या एका कोपऱ्यात छिद्रांचा उभा निरीक्षण पाइप ठेवला. त्यातून भूजलाची पातळीही दिसते आणि गळती झाली तर वासही आधी तिथेच येतो.

टाक्यांतले पाणी वरचा स्लॅब पूर्ण होईपर्यंत काढले नाही. काढले तेव्हा शेवटच्या थेंबापर्यंत काढले. आज पंपावर येणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. तळाशी पाणी राहिले तर इथेनॉल पाण्याबरोबर वेगळे होऊन खाली बसते आणि तो थर ग्राहकाच्या गाडीत जातो. टाकीतली पातळी मोजणाऱ्या डिप रॉडला पाणी ओळखणारी पेस्ट लावून दोन दिवस लागोपाठ तपासले. रंग बदलला नाही, तेव्हा इंधन मागवले.

निष्पत्ती

कोणीही जखमी झाले नाही. पंप ठरल्यापेक्षा जवळपास आठ महिने उशिरा सुरू झाला. क्रेन दोनदा, खोदकाम दोनदा, आवरणाची दुरुस्ती आणि हप्ते हा भुर्दंड मालकांवर आणि काही अंशी ठेकेदारावर पडला. काकींच्या विहिरीचे पाणी पंप सुरू होण्याआधी प्रयोगशाळेत तपासून त्याचा अहवाल त्यांच्याकडे दिला आहे, म्हणजे पुढे कधी शंका आली तर तुलनेला आधार राहील. टाक्यांची अंतिम पाणीचाचणी निर्दोष ठरली.

वेगळे काय करता आले असते

मार्चमधला चाचणीचा खड्डा वर्षातल्या सर्वांत सोयीच्या दिवसांत घेतला गेला. खाडीकाठी भूजलाची पातळी ठरवताना आजूबाजूच्या विहिरींची पावसाळ्यातली पातळी विचारणे आणि हिशेबात पाणी जमिनीपर्यंत आहे असेच धरणे, हे माझ्या मते आवश्यक आहे. नकाशात ते धरलेले होते. कामाच्या वेळापत्रकात नव्हते.

२२ मेला टाकी उतरवायलाच नको होती का, यावर ठेकेदाराचे आणि माझे आजही एकमत नाही. त्याच्या मते चारही पट्टे आवळले असते तर राफ्टने ती एक टाकी रिकामी असतानाही धरली असती. आकडेमोड त्याच्या बाजूने आहे, ३० टनांपुढे १७ टन. माझे म्हणणे असे की दोन टर्नबकल बसत नाहीत हे कळले त्या मिनिटाला हायड्रा अजून कामावर होती आणि टाकी परत वर घेता आली असती. तिचे भाडे संध्याकाळपर्यंतचे दिलेले होते. आम्ही तिला दुपारी एकला सोडून दिले. क्रेन सुटण्याआधी पट्टे आणि पाणी या दोन्ही गोष्टी पूर्ण झाल्याची सही घ्यायची, अशी ओळ मी आता टाकी उतरवण्याच्या परवान्यात घालतो.

टाक्या साठवून ठेवताना झाकणे घट्ट आवळण्याऐवजी आत कोरडेपणा टिकवणारी व्यवस्था करायला हवी होती, आणि प्रत्येक झाकणावर “हवा मोजल्याशिवाय आत जाऊ नये” असे मराठीत, ठळक रंगवायला हवे होते. त्या मुलाचा पाय आत होता तेव्हा मी योगायोगाने तिथे उभा होतो. मी पंधरा मिनिटे उशिरा आलो असतो तर त्याला थांबवणारे काही त्या टाकीवर लिहिलेले नव्हते.

जानेवारीपर्यंत थांबण्याऐवजी नोव्हेंबरमध्येच खड्ड्याभोवती उथळ विंधनछिद्रे घेऊन भूजल आधीच खाली खेचता आले असते का, हा प्रश्न माझ्यासाठी खुला आहे. त्याने मालकांचे अडीच महिने वाचले असते. पण खाडीच्या इतक्या जवळ तेवढा उपसा केला तर खारे पाणी काकींच्या विहिरीकडे ओढले जाण्याची शक्यता होती, आणि ती किती, हे मोजायला आमच्याकडे तेव्हा फक्त एक टेप आणि एक विहीर होती.